बर्चच्या झाडापाशी न थांबता

वेस्टरबॉटनच्या रस्त्यांवर मी पुस्तकांची बस चालवते.
छत्तीस थांबे, नगरपालिकेच्या नकाशावर निळे ठिपके.
माझा नकाशा वेगळा:
पेट्रोल पंप, किल्ली मागावी लागते.
चर्चचं तळघर, रविवार सोडून.
यारलचा गोठा, तो काही विचारत नाही.
आणि शेवटच्या अठरा किलोमीटरांत काहीच नाही,
फक्त वळणावरचं एक जाड बर्चचं झाड.

कळ येते तेव्हा दार वाजवून येत नाही.
सगळं पाण्यासारखं. दिवसातून नऊदा, अकरादा,
रात्री अडीचला, पुन्हा चारला.
रक्त नाही. ताप नाही.
रक्त असतं तर कुणी बसायला खुर्ची तरी दिली असती.

दोन वर्षांत पट्टा चार भोकं आत गेला.
पहिल्या डॉक्टरने नळी घातली,
पडद्यावर गुंगीत मीही पाहिलं:
गुलाबी, ओलसर, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं.
"सुरेख आहे," तो म्हणाला.
साठीनंतर मला कुणी सुरेख म्हटलं ते असं.
घरी येताना स्टूरेला दोनदा गाडी थांबवावी लागली.

मग नीब्लोमबाई.
त्यांनी त्याच सुरेख भिंतीचे चिमटे घेतले,
तिळाएवढे तुकडे, दहा-बारा.
सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या रांगेखालून
एक पट्टा गेलेला, नको तितका जाड,
तापून निवलेल्या दुधावरच्या सायीसारखा.
पाणी आत घ्यायचं विसरलेली भिंत.
आजाराचं नाव लांबलचक आहे. मी त्याला साय म्हणते.

नंतरचे प्रश्न पोटाचे नव्हते.
आईची बोटं?
वाकडी. पन्नाशीतच विणकामाच्या सुया सुटल्या.
बहीण?
मायब्रिट, थायरॉइड, रोज पहाटे गोळी.
नात?
एब्बा. गव्हाच्या पावाला शिवत नाही.
तुमचे डोळे कोरडे पडतात?
पडतात. मी ते हीटरवर ढकललं होतं.

त्या लिहीत राहिल्या.
मला दिसत होता ख्रिसमसचा जुना फोटो,
एका सोफ्यावर आम्ही सगळ्या बायका,
आणि प्रत्येकीच्या आत एकेक पहारेकरी
घरच्याच माणसावर काठी उगारून उभा.
आपलेच दात, आपलेच ओठ.
"म्हणजे हे आईकडून आलं?"
"तसं नाही सांगता येत," त्या म्हणाल्या,
"या दुखण्यांची एकमेकांकडे ये-जा असते, एवढंच."

गुडघ्यासाठी घ्यायचे त्या गोळ्या बंद.
स्टूरेच्या नकळत ओढायची ती सिगरेटही.
सकाळी तीन कॅप्सूल.
सतराव्या रात्री मी सलग झोपले
आणि स्टूरेने घाबरून मला हलवून पाहिलं.

ऑक्टोबरात, शेवटच्या टप्प्यात,
त्या आंधळ्या होत चाललेल्या लाकूडतोड्याला
ऐकायचं कोणतं पुस्तक द्यावं, या विचारात होते मी
आणि बर्च मागे पडला.
तीन किलोमीटरांनी ध्यानात आलं.
बस कडेला घेतली. लागली म्हणून नव्हे.
आरशात नुसता रस्ता.
डॅशबोर्डवर थायरॉइडच्या तपासणीचं पत्र, अजून न फोडलेलं.
घशाशी काहीतरी दाटून आलं,
पण डोळे, ते कोरडेच.
मग खिशातली बाटली काढली,
दोन्हीकडे दोन-दोन थेंब घातले,
आणि ते गालांवरून ओघळू दिले.