मिठाच्या पाण्याचा चेंडू

आधी चेंडूत पाणी भरायचं.
नळाचं नाही, या खाणीतलंही नाही.
इनास स्कूटरवरून आगरवाड्याला जातो,
मिठागराच्या शेवटच्या कोंडीतलं
जीभ चरचरेल असं पाणी
फेणीच्या दोन रिकाम्या बाटल्यांतून आणतो
आणि नरसाळं धरून म्हणतो:
हवा भरली की चेंडू वर पळतो,
आपल्याला खाली जाणारा हवा.

बत्तीस वर्षं तो तारवटी होता.
बाकीच्यांनी जहाजावरून चीज आणलं, घड्याळं आणली,
याने हा खेळ आणला,
कुठल्याशा थंड बंदरात शिकलेला,
आणि बायकोने सहा महिने अबोला धरला.

खाण चिऱ्यांची. कापणारे गेले, खड्डा राहिला,
भिंतींवर अजून करवतीच्या रेघा.
दिवाळीनंतर गाळ बसतो,
शिगम्यापर्यंत तळ दिसतो,
तेवढाच आपला हंगाम.

आता ऐक, रोशल, पायात ते रबरी पंख चढवता चढवता.
दोन टोकांना तळाशी दोन लोखंडी टोपल्या.
सहा आम्ही, सहा ते, बायका-पुरुष एकत्र.
चेंडू टोपलीत शिरला की गोल.
पाण्याबाहेर तो काढायचा नाही, बोटभरसुद्धा.
ज्याच्या हातात चेंडू त्यालाच धरायचं,
ज्याच्या हातात नाही त्याला सोडून द्यायचं.
(हा नियम लग्नाला का नाही, असं सबीना विचारते.)
मास्क ओढायचा नाही. गळ्याला हात नाही.

फेकशील तर दोन हात, फार तर तीन.
पुढे पाणी त्याला जाऊ देत नाही,
गावातल्या बातमीच्या अगदी उलट.
म्हणून पोटाशी धर, फणस नेतात तसा,
आणि डावी-उजवीकडे बघतेस तसं
डोक्यावर बघ, पायांखाली बघ.
पहिल्या दिवशी मी फक्त समोर बघत होते;
भिकाजी मास्तरांनी खालून येऊन
चेंडू अलगद काढून नेला,
पोरीच्या हातातली परीक्षेतली चिठ्ठी काढावी तसा.

श्वास संपला असं वाटतं
तेव्हा तो संपलेला नसतो.
पण त्यावर पैज लावू नकोस.
चेंडू दे आणि वर ये.
द्यायला कुणी नसेल तर सोड.
चेंडू सोडण्यात नामुष्की नाही,
हट्टाने खाली राहण्यात आहे.

टोपलीवर आडवा पडलेला दिसतो तो कुश्टा पागी.
आमचा गोलकीपर.
पाठीने टोपली झाकायची, पोट वर, हात मोकळे,
श्वास आटला की सबीना खाली येते आणि हा वर निघतो.
अर्ध्या वाटेत दोघं एकमेकांजवळून जातात,
बोलत नाहीत. बोलणार कसे?

एकदा सबीना पोचली तरी तो उठेना.
तिने खांदा हलवला, मी चेंडू टाकला,
दोघींनी ओढून काठावर आणला
तर हा खोकत, हसत बसलेला.
चौदा वर्षं नदीत रेती काढली त्याने,
बादली घेऊन तळाला, भरून वर,
दिवसाला शंभर बुड्या, डोळे मिटून, गढूळात.
“वयर केन्नाच पळयलें ना,” म्हणाला.
कधीच वर बघितलं नव्हतं.
इथं उताणं पडायचं असतं, म्हणून दिसलं:
बारा माणसांची पोटं,
त्यांच्यामधून ऊन,
आणि एक चुकलेलं चप्पल, तरंगत.
इनासने त्याला दोन सामने बाहेर बसवलं.

चप्पल माझं होतं. अजून एकच आहे.

खेळ संपल्याची खूण म्हणून
इनास पाण्यात लोखंडी नळी चिऱ्यावर आपटतो.
खाली ती हाडांत ऐकू येते.
पण संध्याकाळी पठाराच्या रस्त्यावरून
पोदेर भोंगा वाजवत गेला
की वर आलेले वरच राहतात,
पावासाठी सुटे पैसे शोधत,
आणि खालच्यांना काही कळत नाही,
ते बिचारे रिकाम्या टोपलीत
गोलामागून गोल करत बसतात.

ते गोल धरायचे की नाही
यावर अजून भांडण चालू आहे.
तू आधी पाय भिजव.