पोचा

घंगाळ ठोकायला दिलंय तांबट आळीत.
तोवर वडक्यांना फोनवर दाखवते
त्या गावाची तटबंदी, लाल कौलं,
सातशे वर्षांचे दगड,
एकही फ्लेक्स नाही.
तांबटाचं दुकानसुद्धा होतं,
हातोडी दोरीपलीकडे.
नऊ युरो तिकीट. आवाज नाही.

वडके चष्मा कपाळावर सारून
एका खिडकीशी थांबतात.
"वाळत घातलेलं काहीच नाही.
राहतं कोण इथं?"

आम्हीच, म्हणते. दोन रात्री.
फरसबंदीवर बॅगांची चाकं
वाजत होती तेवढीच.

"अस्सं."
फोन परत येतो, काचेवर तांबूस बोट.
मागून टेम्पो; मी भिंतीला चिकटते.

मग ठोके.
पोचा वर येतो, येतो,
थोडा राहतोच.
"राहू दे," म्हणतात,
"आंघोळीला अडत नाही."