शिवण

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांचे पासपोर्ट छापले.
माझा निघाला निवृत्तीनंतर दोन वर्षांनी.
पोस्टमन लिफाफा देऊन गेला तेव्हा
आधी वास घेतला.
शाई आपलीच.
फोटो मात्र कुणा परक्याचा वाटला.

हर्षदा तिकडे इटलीत, समुद्राकाठच्या एका गावात.
गावाचं नाव जिभेवर अजून नीट बसत नाही,
शेवटचं अक्षर दर वेळी निसटतं.
जेलरोडवरून बिटको चौकात चालत जावं
एवढंच गाव.
तेवढ्यात संपतं, पुढे पाणी.

विमानतळावर साहेबानं पुस्तिका उघडली.
रांगेतले सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते,
मी त्याच्या अंगठ्याकडे.
मधल्या पानाशी इतकं ताणू नका,
ओठांवर आलं होतं.
ठप्पा बसला. जरा तिरका.
आमच्याकडे असा ताव बाद झाला असता.

घरं पिवळी, विटकरी,
एक तर चक्क पेरूच्या गरासारखं गुलाबी.
मिठात दाबलेले बोटाएवढे मासे बरणीत,
आपण लिंबं मुरवतो तसे.
दुपारी दीडला सगळी शटरं खाली.
मला बरं वाटलं,
मेन रोडवरचे जुने भांडेवालेही
असेच उठून जेवायला जायचे,
गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी.

सिंधू पदर खोचून घोट्यापर्यंत पाण्यात उतरली,
रामकुंडावर घेते तशी ओंजळ घेतली,
डोळे मिटून आचमन केलं,
आणि थू थू करत माघारी.
"अहो, खारट आहे हे!"
बासष्ट वर्षांची बाई, भूगोलात फर्स्टक्लास.
बाकावरच्या म्हातारीनं पिशवीतून बाटली काढून दिली.
मग सिंधू तिच्याशी तासभर बोलत बसली,
मराठीत, गुडघ्यांबद्दल.

मासळीबाजाराच्या फाटकाशी
माझे दोन्ही हात वर गेले.
तो माझा विचार नव्हता, हातांचा होता.
प्रेसच्या गेटवर रोज संध्याकाळी झडती,
कागदाचा कपटा बाहेर जाता कामा नये,
खिसे, डबा, टोपी, सगळं.
इथं तपासायला कुणीच नव्हतं.
एक पोरगा बर्फाची पेटी घेऊन येत होता.
त्याला काय वाटलं कोण जाणे,
त्यानं पेटी खाली ठेवली
आणि आपलेही हात वर केले.
बराच वेळ आम्ही तसेच,
मध्ये बर्फ पाघळत.

धक्क्यावर एक जण जाळं शिवत बसायचा.
मी रोज जाऊन बघायचो.
पाचव्या दिवशी त्यानं सुई माझ्या हातात दिली.
एक गाठ मारली.
त्यानं ती चष्म्याजवळ नेऊन पाहिली,
चाकूनं कापली,
पुन्हा स्वतः मारली.
बाद.
एवढ्या लांब येऊन
एक तरी ओळखीचं माणूस भेटलं.

परत आलो तर कॉलनीत सगळ्यांचे तेच प्रश्न:
समुद्र निळा की हिरवा,
भाकरी मिळाली का,
दोघांचं तिकीट केवढ्याला पडलं.
मी सांगत गेलो, थोडं वाढवूनही.

टपरीवर सुकदेव आढाव भेटला.
बाइंडिंगचा माणूस, छत्तीस वर्षं दोऱ्याशी.
गावाचं नावसुद्धा विचारलं नाही.
"आण इकडे," म्हणाला.
हात शर्टाला पुसले,
पुस्तिका बरोब्बर मध्ये उघडली,
उजेडाकडे धरली,
नखानं दोरा वरपासून खालपर्यंत चाचपला.

"खाऱ्या वाऱ्यात बी धरून राहिली की रे."

कोरी पानं एकेक करून मोजली,
मनात, ओठ हलवत,
आम्ही मोजायचो तशी.
मग त्या एका पानाशी थांबला.

"अन् हा तिरपा कुणी मारला?"
म्हणाला,
आणि दोन कट सांगितले.