सोळा पानांचा फर्मा

खणभागात माझं दुकान: एक शिकंजा, दोन दाभणं,
मोरचूद घातलेली खळ, आणि वरच्या फळीवर
लोकमित्र वाचनालयाची फाटकी पुस्तकं.
तेहतीस वर्षं शिवतोय. वाचतो कमी.
हाताला कळतं तेवढंच.

लढायांची पुस्तकं नकाशाच्या घडीवर फाटतात.
प्रेमाच्या कादंबऱ्या पाठीतून,
कारण त्या एका हातात दुमडून धरलेल्या असतात,
दुसऱ्या हातात पळी असते, नाहीतर झोपलेलं पोर.
काहींच्या पानापानांत कापसाचा तंतू असतो:
कुपवाडच्या सूतगिरणीत, रात्रपाळीला
कुणीतरी कादंबरी नेतं.

समितीवरचे उपाध्ये सर एकदा म्हणाले,
"या असल्यांवर बांधणीचा खर्च कशाला?
ती वैचारिक घ्या की."
मी म्हणालो, "सर, ती फाटतच नाहीत."
सर हसले नाहीत. चहा मात्र सांगितला.

एका युद्धाच्या पुस्तकात, पान एकशे तीन,
नकाशावर पेन्सिलीचा बाण आणि थरथरतं अक्षर:
"इथे नाला नव्हता. आम्ही इथे दोन रात्री होतो."
खाली दुसऱ्या कुणाची निळी शाई:
"मग तुम्हीच लिहा की."
त्याखाली परत पेन्सिल, पुसट: "हात चालत नाही."
खोडरबर घेऊन बसलो होतो मी.
ठेवून दिला.

मग पूर आला. आयर्विन पुलावरचा आकडा
रोज विचारायचो, आणि एका रात्री विचारायचं थांबलो.
खालची तीन कपाटं बुडाली.
चिखल धुऊन फर्मे सुटे केले,
गच्चीवर दोरीला वाळत घातले
बनियन आणि परकरांच्या शेजारी.
वारा सुटला. पोरानं गोळा केले. मी शिवले.

दिवाळीनंतर गिरणीतली ती बाई स्वतःच आली,
वैजयंता बिरनाळे, केसांत अजून कापूस.
"ओ बाइंडर, हितं मधेच लढाई लागतीय बघा.
त्यो तिला भेटाय मळ्यात निघतो
आन् एकदम बर्फात, तोफा ओढत."
दोन्ही पुस्तकं एकाच मापाची,
दोन्हींत पान सत्त्याण्णव ते एकशे बारा.
"बदलून देतो," म्हटलं.
"नको, ऱ्हाऊ द्या. त्यो सुभेदार
बोटं गळाल्यावरबी माणसं मोजत बसतो,
कोण आलं, कोण ऱ्हायलं.
त्येचं पुढं काय झालं?
आन् हात चालत नाही म्हणतात, ते कोण?"

दुसरं पुस्तक बाहेर होतं.
नोंदवहीत: धोंडिराम सावळजकर, निवृत्त हवालदार, विश्रामबाग.
मुदत तीनदा वाढवलेली.
म्हणजे ऐन युद्धात त्यांच्याकडे आता
मळा, विहीर, आणि "थांबशील ना?" विचारणारी ती.
तक्रार नाही.

सायकल काढून गेलो. उजवा हात मांडीवर पडलेला,
डाव्यानं त्यांनी पुस्तक माझ्यापासून लांब केलं.
"काका, शिवताना चूक झाली."
"कसली चूक? खंदकात रात्रभर
हेच तर असायचं डोक्यात.
पहिल्यांदा कुणी बरोबर बांधलंय.
आणि तो नकाशा गेला ते बरं झालं. चुकीचाच होता."

मार्चमध्ये कादंबरी परत फाटून आली, पाठीतूनच.
पान एकशे तीन उघडलं.
पुसट पेन्सिलीच्या खाली आता बॉलपेन:
"तुम्ही सांगा, मी लिहिते. सोमवारी सुट्टी असते."

आता ही ओळ हवालदारांनी वाचायची
तर प्रेमाची कादंबरी न्यायला हवी,
आणि ते त्या कपाटाकडे फिरकतसुद्धा नाहीत.

काल नवीन पुठ्ठा घालून मी ती पोचती केली
आणि लढायांच्या फळीवर सरकवली.
ग्रंथपालांना वाटलं, चुकून.