कुठल्या महिन्यात

पुस्तिकेच्या सातव्या पानावर आमचा प्रांत हिरवा छापलाय,
इतक्या गुळगुळीत कागदावर, की बोटाचा ठसा उमटत नाही.
स्वायत्त मुस्लिम प्रदेश. लोकसंख्या तरुण. मजुरी माफक.
केळी, रबर, समुद्रशेवाळ,
आणि लिगुआसानच्या दलदलीखाली नैसर्गिक वायू, अंदाजे.
त्या 'अंदाजे'वर माझे तीन दिवस गेले.
साहेब म्हणाले, काढून टाक, नोरहाता.
मी फक्त अक्षर बारीक केलं.

आज तीन पाहुणे आलेत. मी दुभाषी.
वल्ह्यावर बापा सालिन्दाब. बापा म्हणजे काका,
माझे सख्खे नव्हेत, पण दलदलीत सगळेच कुणाचे तरी.
आठ महिन्यांमागे याच हातांनी त्यांनी बंदूक
एका टेबलावर ठेवली.
कारकुनाने नंबर उतरवून घेतला, पावती दिली.
ती अजून मालोंगच्या गाठीत असते.
दुसरा हप्ता यायचाय.

जलपर्णी फाटत जाते, नावेमागे पुन्हा मिटते.
एक पाहुणा विचारतो,
ही जमीन कुणाच्या नावावर आहे?
मी बापांना विचारते.
वल्हं थांबतं. थेंब गळत राहतात.
'कुठल्या महिन्यात?'

हे मला पलीकडे नेता येईना.
मार्चमध्ये इथे म्हशी चरतात, मका डोक्याएवढा होतो.
पाणी चढलं की त्याच मक्यावरून आम्ही नाव नेतो,
आणि खाली कुणाचं शेत गेलं
ते पायाखालच्या फळीतून कळतं.

बापांच्या आजोबांकडे तारसिला होती,
लांबलचक वंशावळ, अमक्याचा अमका,
आणि मध्येच कुणा पूर्वजाचा जुळा भाऊ, मगर.
म्हणून अजूनही पाण्यात उतरताना
तिच्या नावाने थोडा पिवळा भात सोडतात.
स्पॅनिशांनी नकाशात हा भाग पांढरा ठेवला.
अमेरिकनांनी पांढऱ्यावर चौकोन आखले.
मनिलाने चौकोन वाटले, उत्तरेकडच्या गरिबांना.
तेही उपाशीच होते, (हे बापा म्हणतात, मी नाही)
पण त्यांच्या हातात कागद होता,
आमच्या हातात मगर.
पुढे जे झालं त्याला पुस्तिकेत 'अस्थिर कालखंड' म्हटलंय,
पान नऊ, दीड ओळ.
त्या दीड ओळीत बापांच्या दोन बहिणी आहेत.

मोजणीवाल्याने लाल प्लॅस्टिकचा गोळा पाण्यात टाकला,
यंत्रात पाहून म्हणाला, हा पहिला कोपरा.
पाण्यावर रेघ ओढणं म्हणतात ते
मी आज डोळ्यांनी पाहिलं.
कोपरा जरा थांबला, मग जलपर्णीबरोबर निघून गेला.

एका जागी बुडबुडे येत होते.
बापांनी काडी ओढून धरली.
निळी जीभ, वीतभर. पाहुण्यांनी फोटो घेतले.
किती वर्षं जळतंय हे?
'पोरं खेळतात. यावर मासा भाजू नये, वास लागतो.'

दुपारी केळीच्या पानातला पास्तिल खाल्ला,
भात आणि वर कोंबडीचा चुरा.
पाहुण्यांनी किंमत विचारली, वहीत लिहिली,
मजुरीच्या खाली.

परतताना बापांनी प्रथमच आपणहून तोंड उघडलं:
विचार त्यांना, खालची हवा काढली
तर वरचं पाणी खाली बसेल का?
मी शब्दाला शब्द ठेवून विचारलं.
उत्तर आलं: अभ्यास चालू आहे.
आमच्या बोलीत याला नीट शब्द नाही.
मी म्हटलं, त्यांनाही माहीत नाही.
बापा हसले, पानाने रंगलेले दात दाखवून.
'मग ठीक. भागीदार बरोबरीचे आहेत.'
हे मी सांगितलं नाही.

धक्क्यावर एक पोरगा गळ टाकून बसला होता.
दोरीला तोच लाल गोळा.
मोजणीवाला काही बोलणार, इतक्यात गोळा बुडाला,
आणि आम्ही सगळे, पाहुणेसुद्धा,
काय लागलंय ते बघायला वाकलो.