पूर्ण भूतकाळ

वाल्फ्रेदा गावात सव्वाचारलाच ऊन डोंगरामागे जातं.
ओनोरिना बाई दिवा लावतात, फळ्यावर लिहितात:
मोनेओ. मी बजावतो.
या क्रियापदाला, त्या म्हणतात, एक माणूस लागतो
आणि एक गोष्ट.
नुसता माणूस असून भागत नाही.

चीजच्या कारखान्यातून थेट आलेला मी,
हातांना अजून आंबूस वास,
वहीत मराठी अर्थ लिहितो आणि थबकतो.
आमच्याकडे समन्स बजावतात, कर्तव्यही.
कागद हातात पडला, सही झाली
की बजावणारा मोकळा.

मोनेबो, मी बजावेन.
मोनुई, मी बजावलं.
मोनेओर, मला बजावलं जातं.
हे रूप परीक्षेत सगळ्यांचंच चुकतं.

याकुम उभा राहिला होता गावच्या सभेत,
टोपी काढून, चुरगाळत:
वरच्या उताराच्या गवताला शेळ्या तोंड लावत नाहीत,
कुंपणाचे खांब वर्षात वीतभर कललेत,
झऱ्याचं पाणी दुधाळ येतंय.
त्या दिवसाच्या इतिवृत्तात
रस्त्यावरच्या दिव्यांचा ठराव आहे, सविस्तर,
आणि ‘किरकोळ विषय’ या शब्दांपुढे
तीन टिंबं.

मार्चमधल्या एका रात्री उतार खाली आला,
म्हातारी गाय बसते तसा,
पुढचे गुडघे आधी.
पाच घरं. गवताची कोठी.
आणि बाईंचा नवरा,
जो सभेत सगळ्यांत मोठ्यानं हसला होता.

आता तिथे दगड उभा केलाय, नावं कोरून.
स्मारकाला इथे जो शब्द आहे
तो याच धातूतून निघाला, बाई सांगतात.
राक्षसाचाही.
खडू मोडतो.
उरलेल्या तुकड्यानं त्या शेवटचं रूप लिहितात:
मोनुएराम.
मी बजावलं होतं.
वाङ्मयात याचा वापर भरपूर, त्या म्हणतात,
दूत, दाया, ज्योतिषी,
शेवटच्या अंकात ज्याला त्याला हेच म्हणायचं असतं.

‘आणि आमचे आजोबा?’
मागच्या बाकावरून तिल्यो विचारतो, याकुमचा नातू.
बाई फळा पुसतात. जिथे काही लिहिलेलं नाही
तिथेही पुसतात.
‘त्यांनी हे रूप कधी वापरलं नाही.
चौदा वर्षं झाली.
मी रोज वाट बघते.’

तास सुटतो. बाहेर अंधार,
दारात याकुम, दुधाची किटली घेऊन,
मिशीवर दहिवर गोठलेलं.
किटली देता देता, बाईंकडे न बघता म्हणतो,
‘तिसऱ्या पायरीवर बर्फ धरलाय.’

बाई काही बोलत नाहीत.
कठडा धरतात.
मी मागून मोजतो:
एक, दोन,
चार.