डंक

आम्ही सातजण. सगळे रिटायर.
दोन मास्तर, एक नर्सबाई, पोस्टातले दोघे,
नगरपालिकेच्या झाडूखात्याचे मुकादम,
आणि मी, एसटीचा कंडक्टर,
कोल्हापूर–गारगोटी, एकतीस वर्षं.

पेन्शनीतून दरमहा सहाशे बाजूला काढतो.
वर्षातून दोनदा आपल्यातल्या कुणाच्या तरी धंद्याला
पंचवीस हजार.
उरलेल्या चारशेचा चहा.
कर्ज नव्हे. परत मागत नाही.
हे परत न मागणंच
लोकांच्या गळी उतरत नाही.

वैजयंता वायदंडे, सुभाषनगर.
अर्ज पोरीच्या वहीतल्या पानावर.
'पैसे कशाला' याच्यापुढं लिहिलेलं:
डंक घ्यायला. जुना. पन्नासला घावतोय.
पंचवीस माझे हाईत.

बघायला मीच गेलो.
पत्र्याची खोली, मीटर नवा, भिंत अर्धी रंगवलेली.
"बारा वर्सं दुसऱ्याच्या डंकावर कुटलो, मामा.
ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी.
निम्म्या राजारामपुरीची चटणी ह्या हातांतनं गेली.
तवा कुणी इचारलं न्हाई कुटतंय कोण.
पाटी मालकाची हुती."

मग म्हणाली, "याज किती?"
व्याज नाही.
"मग तुमचं काय?"

दाराशी बसलेली तिची सासूही माझ्याकडं बघायला लागली.
एकतीस वर्षं मी कुणाला फुकट बसू दिलं नव्हतं;
डब्यातली कोंबडीसुद्धा तिकीट काढून न्यायची.
काय सांगावं?
एकदम आठवलं:
सुट्टे नसले की तिकिटामागं लिहून द्यायचो, बाकी आठ आणे,
आणि गारगोटी येईपर्यंत माणूस
ते तिकीट मुठीत धरून बसायचा.
कधी मी द्यायचो. कधी गर्दीत राहूनच जायचं.

म्हटलं, बाई, असं समजा,
तुमचे सुट्टे राहिले होते.
लई मागच्या स्टॉपापासनं.

ती हसली नाही.
चेक दोनदा वाचला, सासूला दाखवला,
आणि मिरचीच्या रिकाम्या पोत्याखाली ठेवून दिला,
जशी काही तीच बँक.

पुढं पाटीवरून भांडण.
दीर म्हणाला, अंबाबाईचं नाव टाक, कोण कशाला इचारतंय.
पेंटर ब्रश घेऊन उभा, दुपारची चारची वेळ,
त्याला उचगावला दुसरं काम.
पोरगी म्हणाली, आईचं नाव. आख्खं. आडनावासकट.
आमच्या मीटिंगमध्येसुद्धा दोन तट.
मास्तर म्हणाले, आधी गिऱ्हाईक, मग स्वाभिमान.
नर्सबाईंनी कप इतका जोरात ठेवला की बशी फुटली.
तिचे वीस रुपये चारशेतनं गेले.

पाटी लागली. तांबड्यावर पांढरी:
वैजयंता वायदंडे मिरची कांडप.

मार्चच्या उन्हात बायका यायच्या पिशव्या घेऊन,
वर बघायच्या,
"लाईट हाय का?" एवढंच विचारून पुढं जायच्या.
लाईट असायची.
काही आत यायच्या. आल्या की बसायच्या,
ठसका लागला तरी हलायच्या नाहीत.
त्या मिरचीला जपत होत्या की आणखी कशाला,
हे मला अजून कळलेलं नाही.
एक शाहूपुरीतली मात्र चटणी चिमटीत धरून म्हणाली,
"व्हय गं, ही तर दरसालचीच!"
आणि मग पाटीकडं नीट बघितलं तिनं.
पुढच्या वर्षी येईल का, ठाऊक नाही.

एप्रिलात मीही गेलो, किलोभर घेऊन.
लोखंडी मुसळं धडाधड वर-खाली,
खोबरं, लसूण, हवेत तांबडं धुकं,
माझ्या डोळ्यांतनं पाणी. मिरचीचंच.

"सत्तेचाळीस झाले."
दाराला स्कॅनर चिकटवलेला,
पण मला नोटच द्यायची होती, पन्नासची.
तिनं गल्ला चाचपला. सुट्टे नव्हते.
"ऱ्हाऊ द्या की," मी म्हटलं.
"का म्हणून ऱ्हाऊ दे?"
पोरीच्या वहीचं पान फाडलं,
तिखट बोटांनी लिहिलं:
बाकी ३ रु. खाली सही.

चिठ्ठी खिशात आहे. शर्ट धुवायला टाकताना काढतो,
नव्या शर्टात घालतो.
वास अजून जात नाही.